मुंबईची चित्रपटगृहे : पडद्याआधीचा देखावा

मुंबईत सिनेमा आधी आला, त्याचे घर नंतर झाले. ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंची हलती चित्रे वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. आठवड्याभरात तो खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेला. पुढे बरीच वर्षे सिनेमाचे बिऱ्हाड नाटकाच्याच घरात राहिले.

ते जुने घर कसे होते, हे गिरगावाजवळच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये दिसते. १९११ मध्ये उद्घाटन झालेल्या या वास्तूत सोनेरी नक्षीचे सज्जे, झुंबरे आणि चितारलेले घुमटाकार छत आहे. इथे येणारा पाहायला येई, तसाच दिसायलाही येई.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. आता प्रत्येक खुर्चीतून नीट दिसावे आणि ऐकूही यावे, ही गरज झाली. खास सिनेमासाठी बांधलेल्या नव्या वास्तूंनी आर्ट डेको शैली उचलली. कोरीव पुतळ्यांची गर्दी गेली; सरळ उभ्या रेषा, गोलावलेले कोपरे आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे माथे आले.

कुलाब्याचे रीगल १९३३ चे, वास्तुकार चार्ल्स स्टीव्हन्स. वातानुकूलन आणि तळघरातली मोटारींची सोय ही त्याची त्या काळची नवलाई. आतल्या सजावटीत सूर्यकिरणांची नक्षी योजली होती. चर्चगेट स्टेशनसमोरचे इरॉस १९३८ चे, सोहराबजी भेडवारांनी आखलेले. ते समोरच्या चौकातून पाहावे : इमारतीचे दोन पंख कोपऱ्यावरच्या गोल मनोऱ्याशी मिळतात, आणि आग्र्याचा तांबडा दगड फिक्या रंगावर उठून दिसतो.

भपकेबाज थिएटरांत तेव्हा इंग्रजी चित्रपटांचाच मान मोठा. १९४९ मध्ये मरीन लाइन्सजवळ ‘अंदाज’ने उघडलेल्या लिबर्टीने तो थाट हिंदी चित्रपटाला दिला, नावात नव्या स्वातंत्र्याची खूण होती. आतले लाकूडकाम आणि थिजलेल्या कारंज्यासारखी नक्षी दिवे मंदावण्याआधीच पाहून घ्यावी.

२०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहात रीगल आणि इरॉस आहेत. २०२४ मध्ये इरॉस आयमॅक्स पडद्यासह पुन्हा उघडले. आतले प्रेक्षागृह नवे झाले. चौकातून दिसणारा मनोरा मात्र तोच आहे.