शिक्षण, सलोखा आणि समृद्धी

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा पंडित नाही. बी.कॉम. झालो आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलो, एवढीच माझी शिदोरी. ‘समाज शिकला की आपोआप संपन्न होतो’ असे आपण म्हणतो. हे विधान किती अपुरे आहे, ते आपल्या शेजारच्या श्रीलंकेने दाखवून दिले आहे.

तेथे १९४५ पासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण विनामूल्य झाले. साक्षरतेत तो देश आपल्या पुष्कळ पुढे होता. परंतु शिकलेल्या तरुणांच्या मानाने नोकऱ्या थोड्या होत्या. मग ‘त्या कोणाच्या मुलांना?’ हा वाद उभा राहिला. १९५६ साली सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली आणि तमिळ भाषकांची सरकारी नोकरीची वाट अरुंद झाली. १९७१ मध्ये बेकार, सुशिक्षित सिंहली तरुणांनीच सशस्त्र उठाव केला. त्याच सुमारास वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांना अधिक गुणांची अट आली. ज्ञानाचे मंदिरच भांडणाचे अंगण झाले. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. १९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोतील तमिळांची दुकाने व कारखाने पेटविण्यात आले. त्या कारखान्यांत राबणारे सिंहली कामगारही बेकार झाले. त्यानंतरचे युद्ध थांबण्यास मे २००९ उजाडला.

दूरच्या बेटाची ही कथा मी का सांगतो? मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल उसळली, तेव्हा मी नुकताच दुकानात बसू लागलो होतो. माग थांबले, कोरा माल येईना. ज्या मोमीन विणकरांशी वडिलांचा केवळ शब्दावर व्यवहार चाले, त्यांच्याकडे निरोप घेऊन जाण्यास माणूस मिळेना. त्या वर्षी तेही कर्जात आले, आम्हीही आलो. व्यापाराचे खरे भांडवल विश्वास आहे, आणि तो दंगलीत सर्वांत आधी जळतो, हे मी तेव्हा शिकलो, महाविद्यालयात नव्हे.

म्हणून एक सूचना नम्रपणे मांडतो. आपल्या न्यासाच्या शिष्यवृत्त्या आजवर आपल्याच मुलांसाठी आहेत. आपल्या दुकानांत व गोदामांत राबणाऱ्या हमालांच्या, शिवणकाम करणाऱ्या भगिनींच्या मुलांनाही, जात-धर्म न पाहता, या वर्षापासून काही शिष्यवृत्त्या द्याव्यात. ‘आधी आपली मुले’ असे काही बंधूंचे मत आहे. त्यात तथ्य आहे. आपल्यातील कित्येक घरांना आजही फी जड जाते. यास्तव त्यांचा वाटा कमी न करता स्वतंत्र निधी उभारावा. त्यातील पहिली रक्कम मी वडिलांच्या स्मरणार्थ देईन.

एकाच बाजारपेठेत वाढणाऱ्या दोन मुलांपैकी एकालाच पुढे जाण्याची वाट दिसत असेल, तर ती बाजारपेठ फार काळ शांत राहत नाही. विश्वस्त मंडळाने याचा विचार करावा, ही विनंती.