झेल आणि नजर



२५ जून १९८३ रोजी लॉर्ड्‌सच्या मैदानावर मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्‌सने उंच फटका मारला आणि कपिलदेव सीमारेषेच्या दिशेने धावत सुटला. तो झेल आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. चेंडू कोठे पडणार हे कपिलने मनोमन गणित मांडून आधीच ताडले असावे, असे आपण सहज म्हणतो. आम्हांस ते पटत नाही.

१९६८ साली सेव्हिल चॅपमन या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने एक सोपी युक्ती दाखवून दिली. आपल्यासमोर एक उभी पट्टी आहे अशी कल्पना करावी. त्या पट्टीवर चेंडू एकसारख्या गतीने वर सरकताना दिसला, तर तो आपल्याच हाती येणार. त्याची गती वाढू लागली, तर तो डोक्यावरून जाणार, म्हणून मागे धावावे. मंदावली, तर पुढे. मौज अशी की, चेंडू खाली उतरू लागला तरी झेल घेणाऱ्याची नजर वरच चढत राहते! (हवेचा अवरोध येथे हिशेबात धरलेला नाही.) १९९३ मध्ये मॅक्लिऑड आणि डीनेश यांनी क्षेत्ररक्षकांच्या धावण्याचे चित्रण करून तपासले, तेव्हा ते याच रीतीने आपला वेग कमीजास्त करीत असल्याचे आढळले. चेंडू बाजूला जात असेल तर काय, याविषयी मात्र तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

म्हणजे जागा आधी कळते आणि मग पाय धावतात, असे नव्हे. पाय धावत असतात म्हणूनच नजरेला जागा गवसत जाते. म्हणून मंडळाच्या मैदानावर आपण वडीलधारी माणसे मुलांना "आधी थांब, अंदाज घे, मग धाव" असे जे ओरडून सांगतो, ते बंद करावे, अशी आमची विनंती आहे. एका जागी खिळलेल्या मुलाला उंच चेंडूचा अंदाज येणे कठीणच. त्याला चेंडूवर नजर ठेवून लगेच निघू द्यावे. दोन पावले चुकली तरी चालतील, ती वाटेत सुधारतात.

अर्थात, फॉरवर्ड शॉर्टलेगला हा नियम लागू नाही. २७ कसोटींत ५३ झेल घेणाऱ्या आपल्या एकनाथ सोलकरला तेथे धावायला सवड कोठली? तेथे सारा खेळ क्षणार्धाचा आणि हातांचा. त्याचे शास्त्र निराळे, आणि त्याला एक स्वतंत्र व्याख्यान लागेल.