कार्ड आहे, दवाखाना कोठे?

(महाराजपूर, जबलपूर येथील सभेतील भाषण)



आजाऱ्याला विमा हवा की दवाखाना, हा प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु या भागातील विडी कामगार स्त्रीच्या दृष्टीने तो अगदी रोकडा आहे. सोलापूरच्या कॉम्रेड्सना हे सांगणे नकोच.

23 सप्टेंबर 2018 रोजी केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेचा प्रारंभ केला. पात्र कुटुंबाला वर्षाकाठी 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे आश्वासन तीत आहे. शस्त्रक्रियेच्या प्रसंगी या कार्डाने अनेक घरे कर्जातून वाचली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्यापैकी काहींना हे कबूल करणे जड जाते. परंतु हे कार्ड उपयोगी पडते ते रुग्ण इस्पितळात दाखल झाल्यावर. दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बाईची पाठ धरते, तंबाखूच्या धुळीने खोकला जडतो. तेवढ्यासाठी तिला कोणी दाखल करून घेत नाही. डॉक्टरची फी, तपासण्या, औषधे, सारे तिच्या मजुरीतून जाते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, म्हणून उपचारात गेलेला दिवस बुडतो तो निराळाच.

या रोजच्या दुखण्यांसाठी एक व्यवस्था उभी राहिली होती. 1976 साली संसदेने दोन कायदे केले: एकाने विडीवर उपकर बसविला, दुसऱ्याने त्यातून कल्याण निधी उभारला. त्या निधीतून विडी कामगारांचे दवाखाने चालले. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. विडीवरील कर मात्र सुटला नाही. तो सर्वसाधारण तिजोरीत जातो, आणि दवाखान्यांना अर्थसंकल्पातील तरतुदीची वाट पाहावी लागते. जो पैसा कायद्याने कामगारांचा होता, तो मेहरबानीचा झाला.

शिवाय ओळखपत्राचा अडसर आहेच. कारखानदार आणि कामगार यांच्यामध्ये सट्टेदार उभा असतो. तो नाव नोंदवीत नाही. नोंद नाही म्हणून ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्राविना कल्याण निधीचा लाभ नाही. श्रीमंत अमेरिकेतही चित्र याहून फार निराळे नाही. तेथील 2010 च्या आरोग्य कायद्याने कोट्यवधींना विमा मिळाला. परंतु कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना त्या योजनेतून स्वतःच्या पैशाने विमा घेण्याचीही मुभा नाही. शेतांवर आणि बांधकामांवर राबणारे स्पॅनिश भाषक त्यांत मोठ्या संख्येने आहेत.

अनुवाद हे माझे रोजचे काम, तरी सरकारी अर्जातील हिंदी मलाही दोनदा वाचावी लागते. तेव्हा अर्ज भरून देण्याचे काम आपणच अंगावर घेऊ. घरोघर जाऊन ओळखपत्र नसलेल्या बायांची यादी करू, प्रत्येक नावापुढे सट्टेदाराचे नाव लिहू, सही वा अंगठा घेऊ, आणि ती जबलपूरच्या कल्याण आयुक्तांच्या कार्यालयात त्या बायांसह घेऊन जाऊ.