प्रेक्षकांचा कौल

मराठी संगीत रंगभूमीच्या भरभराटीच्या काळांत प्रेक्षकांच्या हातीं एकच सत्ता असे, ती म्हणजे 'वन्स मोअर'ची. नाटक कोणतें लावावें, भूमिका कोणास द्यावी, तिकिटाचा दर काय ठेवावा, यांपैकीं कांहींहि त्यांस कोणी विचारीत नसे. परंतु एखादें पद मनास भिडलें कीं पिटांतून आरोळी उठे आणि मोठमोठ्या नटांस तें पुन्हां म्हणावें लागे. इंग्लंडांतील फुटबॉलच्या प्रेक्षकांपाशींहि अशीच एक लहानशी सत्ता आहे. हंगाम संपत आला म्हणजे आपल्या क्लबांतील त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू कोण, हें ते मतें देऊन ठरवितात. या मतानें कोणाचा पगार वाढत नाहीं कीं कोणाची जागा पक्की होत नाहीं. मग या कौलाची किंमत ती काय?

उत्तम खेळाडू कोण, या प्रश्नाचा निवाडा तिकडे तीन न्यायासनांपुढें होतो. पहिलें न्यायासन वृत्तपत्रांतून फुटबॉलवर लिहिणाऱ्यांचें. त्यांनीं १९४८ सालीं आपला पहिला मान स्टॅन्ली मॅथ्यूज यांस दिला. दुसरें खुद्द खेळाडूंचें. त्यांच्या संघटनेचें पारितोषिक १९७४ पासून दिलें जातें. या दोहोंची नजर सगळ्या देशावर असते. तिसरें न्यायासन प्रेक्षकांचें, आणि त्याची हद्द एका क्लबापुरती. चेल्सी क्लबांत १९६७ सालीं असा पहिला मान गोलरक्षक पीटर बोनेटी यांस मिळाला. मँचेस्टर युनायटेडमधील पारितोषिकास त्या क्लबाचे थोर मॅनेजर मॅट बझ्बी यांचें नांव देण्यांत आलें आहे. परंतु या कौलाचा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर पूर्व लंडनमधील वेस्ट हॅम युनायटेड या क्लबाची यादी पाहावी. ती १९५८ सालापासून चालत आलेली आहे.

या क्लबाचा जन्म १८९५ सालीं थेम्स नदीकांठच्या एका जहाजें बांधणाऱ्या कारखान्यांत झाला. थेम्स आयर्नवर्क्स हें त्या कारखान्याचें नांव, आणि तेंच कामगारांच्या संघाचेंहि. १९०० सालीं 'वेस्ट हॅम युनायटेड' हें नांव आलें. पण कामगारांच्या हातांतले हातोडे क्लबाच्या चिन्हावर कायम राहिले आणि खेळाडूंस 'हॅमर्स' म्हणजे हातोडे हेंच टोपणनांव पडलें. साहजिकच वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूस तेथें 'हॅमर ऑफ द इयर', म्हणजे वर्षाचा हातोडा म्हणतात. नांव ओबडधोबड खरें. पण हातोड्याचें काम ठोकण्याचें, चमकण्याचें नव्हे, हें त्या वस्तीस पुरतें ठाऊक होतें.

पहिलाच कौल पाहावा. १९३२ सालीं खालच्या विभागांत उतरलेला हा क्लब २६ वर्षांनीं, १९५८ सालीं, पुन्हां पहिल्या विभागांत चढला. त्या हंगामांत जॉन डिक आणि व्हिक कीबल या जोडीनें प्रतिपक्षावर गोलांचा सपाटा लावला होता. तथापि पहिला मान गेला अँडी माल्कम यांच्याकडे. माल्कम हाफ-बॅक, प्रतिपक्षाच्या चलाख खेळाडूस सावलीसारखें चिकटून राहावें आणि त्याचा खेळ होऊं देऊं नये, हें त्यांचें काम. असल्या कामाची गोलांच्या तक्त्यांत नोंद होत नाहीं. तें दिसतें तें फक्त दर शनिवारीं कठड्याशीं उभ्या राहणाऱ्या माणसास.

या माणसाची नजर कित्येकदां जाणत्यांच्याहि पुढें धांवते. १९६६ च्या मे महिन्यापर्यंत चाललेल्या हंगामाचा मान जेफ हर्स्ट यांस मिळाला. त्याच वर्षीं जुलैमध्यें जागतिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हां इंग्लंडचे मॅनेजर आल्फ रॅम्झी यांच्या पहिल्या संघांत हर्स्ट यांस जागा नव्हती. जिमी ग्रीव्ह्ज जायबंदी झाले म्हणून उपउपांत्य सामन्यांत ती मिळाली, आणि ३० जुलैच्या अंतिम सामन्यांत हर्स्ट यांनीं तीन गोल केले. जगास हर्स्ट त्या दिवशीं कळले. वेस्ट हॅमच्या वस्तीस ते आधींच कळले होते.

याचा अर्थ हा कौल नेहमींच निर्दोष असतो असा नव्हे. जनसमुदायाची स्मृति अल्प असते. सप्टेंबरांतील श्रम मे महिन्यांत आठवत नाहींत. कार्लोस टेव्हेझ हे अर्जेंटिनाचे नामांकित खेळाडू २००६ च्या ऑगस्टमध्यें क्लबांत आले. त्यांचा पहिला गोल २००७ च्या मार्चमध्यें झाला. पुढच्या दहा आठवड्यांत मात्र त्यांनीं बुडत्या संघास हात दिला, आणि अखेरच्या दिवशीं मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर सामन्यांतील एकुलता एक गोल करून क्लबास पहिल्या श्रेणींत राखलें. मान त्यांसच मिळाला. वर्षभर मुकाट्यानें राबणाऱ्यांवर यांत अन्याय झाला नाहीं काय, असें कोणी विचारल्यास त्याचें उत्तर सोपें नाहीं. घरांतहि परदेशाहून चार दिवसांकरितां आलेल्या मुलाचें कौतुक होतें, आणि रोज पाणी भरणारा तसाच राहतो.

शिवाय प्रेमाची परतफेड होईलच असेंहि नाहीं. २०१६ सालीं हा मान दिमित्री पायेट यांस लाभला. त्यांच्या फ्री-किकांवर सारें मैदान लुब्ध होतें. वर्ष पुरतें उलटण्यापूर्वींच, २०१७ च्या जानेवारींत, आतां वेस्ट हॅमकडून खेळावयाचें नाहीं असें त्यांनीं कळविलें आणि ते मार्सेलला निघून गेले. प्रेक्षकांचा कौल हा करार नव्हे. तो देणाऱ्यास बांधतो, घेणाऱ्यास बांधीत नाहीं.

तरीहि या यादीचा खरा मोठेपणा विजयाच्या वर्षांत नाहीं, पराभवाच्या वर्षांत आहे. १९७८ सालीं वेस्ट हॅम खालच्या विभागांत घसरला. त्या वर्षाचा मान ट्रेव्हर ब्रुकिंग यांस लागोपाठ तिसऱ्यांदां मिळाला. ब्रुकिंग इंग्लंडच्या संघांतले. मनांत आणतें तर दुसरा क्लब मिळण्यास त्यांस अडचण नव्हती. पण ते राहिले. दोन वर्षांनीं, १९८० च्या एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यांत, दुसऱ्या विभागांतील या क्लबानें बलाढ्य आर्सेनलचा १-० असा पराभव केला, आणि तो एकमेव गोल ब्रुकिंग यांनीं डोक्यानें मारलेला होता. १९८४ सालीं ते निवृत्त झाले, तेव्हां प्रेक्षकांनीं त्यांस पांचव्यांदां हा मान दिला.

२०११ सालीं तोच प्रसंग पुन्हां आला. संघ तळाशीं जाऊन खालीं उतरला. स्कॉट पार्कर यांस मात्र लागोपाठ तिसरा मान मिळाला. हा केवळ घरचा अभिमान म्हणावा, तर पत्रकारांनींहि त्याच वर्षीं साऱ्या देशांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून पार्कर यांसच निवडलें होतें. ऑगस्ट संपतां संपतां पार्कर टॉटनहॅम क्लबाकडे गेले. ब्रुकिंग राहिले, पार्कर गेले. परंतु दोघांस मत देणाऱ्यांचा भाव एकच होता. घर पडत असतांना खांब कोणी धरून ठेवला, एवढेंच त्यांनीं पाहिलें.

आणि १९८७ सालचा कौल तर सर्वांत हृद्य आहे. संघ त्या वर्षीं पंधराव्या क्रमांकावर राहिला. सांगण्यासारखें कांहींच घडलें नाहीं. प्रेक्षकांनीं निवडलें बिली बॉण्ड्स यांस. त्यांचें वय तेव्हां ४० वर्षांचें होतें आणि क्लबांत येऊन वीस वर्षें होत आलीं होतीं. ज्या वयांत खेळाडू आठवणी सांगतो, त्या वयांत ते प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढीत होते.

२०१६ सालीं वेस्ट हॅमनें आपलें बोलीन ग्राउंड सोडलें. १९०४ पासून ११२ वर्षें तेथें सामने झाले होते. आजोबांच्या जागेवर नातवंडें उभीं राहिलीं होतीं. क्लब स्ट्रॅटफर्डच्या भव्य स्टेडियममध्यें गेला. हा निर्णय चालकांचा. खेळाडू विकत घेणें, विकणें, तिकिटांचे दर ठरविणें, हेंहि सारें चालकांचें. प्रेक्षकाकडे उरतें तें वर्षाकाठीं एक मत. त्या मतानें तो सत्ता गाजवीत नाहीं. तो फक्त साक्ष देतो. गोल किती झाले हें पुस्तकांत सांपडतें, किंमत किती आली हें जमाखर्चांत सांपडतें. पण कोणाच्या कष्टांकडे पाहून थंडीपावसांत उभ्या राहिलेल्या माणसास आपले पैसे वसूल झाल्यासारखे वाटले, याची नोंद याच एका यादींत राहते. नाटक संपतें, पडदा पडतो, नट दुसऱ्या मुक्कामास जातो. 'वन्स मोअर'ची आरोळी मात्र ज्यानें ऐकली त्याच्या कानांत राहते, आणि ज्यानें दिली त्याच्याहि.