लूप, लेहरा आणि सम
(मंडळाच्या सांस्कृतिक संध्येत वाद्यवृंदातर्फे केलेले भाषण)

गेल्या वर्षी स्थापनेच्या संध्याकाळी आरतीचा जो गोंधळ झाला, तो आपण सर्वांनी ऐकला आहे. आम्ही दोन कीबोर्ड मांडले होते. एकात केरव्याचा ठेका भरला होता, दुसऱ्यात आठ मात्रांची सुरावट. दोन्ही एकदम सुरू केले. पहिले कडवे छान गेले. दुसऱ्यात सूर आणि ठेका एकमेकांपासून सुटू लागले आणि तिसऱ्यात टाळी कुठे द्यायची हेच कोणाला कळेना. शेवटी ढोलकीवाले काका उठले आणि नुसत्या टाळांवर त्यांनी आरती तडीस नेली. त्याच काकांना आम्ही ‘यंदा आराम करा’ म्हणून खाली बसवले होते. त्या चुकीचा हिशेब द्यायला आज आम्ही उभे आहोत.

घरी जाऊन पाहिले, तर एका कीबोर्डची गती मिनिटाला १२० मात्रा होती आणि दुसऱ्याची १२१. फरक एकाच मात्रेचा. पण अर्ध्या मिनिटात तो अर्धी मात्रा होतो, म्हणजे एकाचा ठोका दुसऱ्याच्या बरोबर मध्ये पडतो. आकडे सारखे ठेवले असते तरी घड्याळे दोन ती दोनच. कधी ना कधी ती सुटणारच. बुऱ्हाणपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. शेजारचे दोन यंत्रमाग घटकाभर एका ठेक्यात खटखटतात आणि पुन्हा सुटतात, कारण प्रत्येकाची मोटर वेगळी.

यावर उपाय एकच. घड्याळ एकाचे, बाकीच्यांनी त्याच्या मागे चालायचे.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी हे फार पूर्वी करून दाखवले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही त्यांची तबकडी १९८२ची. भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी रोलंड कंपनीच्या यंत्रांवर वाजवले: तालाला टीआर-८०८, खर्जाला टीबी-३०३, सुरांना ज्युपिटर-८. यातले तालयंत्र आणि खर्जयंत्र एका तारेने जोडता येत असे आणि त्या तारेतून दर मात्रेला २४ सूक्ष्म ठोके जात. तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा मात्र जगभरच्या जाणकारांचे कान टवकारले.

१९८३ मध्ये ‘मिडी’ आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. त्यासाठी रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाले. मिडीच्या घड्याळातही मात्रेला ठोके २४च. हा आकडा सोयीचा आहे: त्याचे दोन, तीन, चार, सहा, आठ असे सारखे भाग पडतात. दुगुन, तिगुन, चौगुन, सगळे त्यात बसते.

खरे तर लूप आपल्याला नवा नाही. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर किंवा सारंगीवर जो लेहरा धरतात, तो लूपच. सोळा मात्रांची एकच ओळ तासभर फिरते. तबलजी कितीही लांब भटकून आला, तरी समेवर दोघे भेटतात. फरक इतकाच, की लेहरा धरणारा माणूस कान उघडे ठेवून बसलेला असतो.

म्हणून यंदा आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, दोन्ही कीबोर्ड मिडीच्या तारेने जोडले. एक घड्याळ देतो, दुसरा ऐकतो. दुसरी, बटण केव्हाही दाबले तरी लूप पुढच्या समेवरच सुरू होईल अशी योजना केली. तिसरी, लांबीचा हिशेब आधी मांडला. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा एकत्र सोडले, तर त्यांची सम २४ मात्रांनीच जुळते, हे आता आम्ही विसरत नाही.

तरीही एक अडचण उरली. आपली आरती एका गतीत राहत नाही. कापूर पेटला, घंटा वाजली, मुले पुढे सरकली की लय आपोआप चढते. यंत्राला कापूर दिसत नाही. मग मूळ घड्याळ कोणाकडे द्यायचे?

आम्ही काकांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. ते इतकेच म्हणाले, “ढोलकीची शाई कोरडी पडली आहे, आधी ती बघा.”

यंदा काका पुढे बसतात. त्यांच्या शेजारी आमच्यातला एक मुलगा कीबोर्ड घेऊन बसतो आणि त्यांच्या थापेबरोबर टॅप टेम्पोचे बटण दाबतो. काकांची लय कीबोर्ड उचलतो, त्याची लय दुसरा. शेवटी लय चढू लागली की काका मान हलवतात आणि आम्ही लूप बंद करतो. तिथून पुढे फक्त ढोलकी, टाळ आणि आपण सगळे.

दहा दिवसांतल्या चार आरत्या अशा झाल्या आहेत. एकदाही टाळी चुकली नाही. बटण दाबणारा तो मुलगा आता दर रविवारी काकांकडे ढोलकी शिकायला जातो, हे मात्र आमच्या योजनेत नव्हते.

गणपती बाप्पा मोरया!