साथ आली तर चूल कोणी पेटवावी?

(चितेगाव येथील सभेतील भाषण)



आपल्या गावाभोवती कारखाने आले आणि शेतकऱ्याचा, सुताराचा, कुंभाराचा मुलगा पाळीवर जाऊ लागला. म्हणून मुंबईच्या गिरण्यांची एक जुनी हकीकत आपणापुढे ठेवतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीने राहत. तेथे आधी उंदीर पडत, मग माणसे. १८९७ साली सरकारने साथीचा कायदा केला. लोकांस अडवून तपासावे, वेगळे ठेवावे, हा अधिकार त्यात होता. परंतु कमावता आजारी पडल्यास त्याच्या घरची चूल कशी पेटावी, याची तरतूद नव्हती. लाखो लोक शहर सोडून गेले. तेव्हा एरवी पगार थकविणारे गिरणीवाले रोजची मजुरी रोज मोजू लागले! पैसा होताच, देण्याची गरज तेवढी आता भासली.

विलायतेतही हेच घडले होते. १८३४ चा कायदा असा की, धडधाकट गरिबाने मदत मागितली तर त्यास गरीबखान्यात डांबावे. तो घडविण्यात हात असलेल्या चॅडविकसाहेबानेच १८४२ साली दाखवून दिले की, घाणीचे रोग कमावत्यास नेतात, आणि विधवा व पोरे मदतीवर येऊन पडतात. गरिबी आळसाने येते म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंत यांनी रोग्यांची जात न पाहता शुश्रूषा केली. १० मार्च रोजी सावित्रीबाईही त्याच रोगाने वारल्या. परंतु दर साथीत अशा थोर माणसांनी प्राण द्यावे, ही का व्यवस्था झाली?

१९४८ च्या कायद्याने कामगार विमा आला. वर्गणी भरलेल्या आजारी कामगारास नियमाप्रमाणे वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीचे ७० टक्के मिळतात. ही भीक नव्हे, हक्क आहे. तेव्हा उद्या कामावर जाल तेव्हा आपले नाव विम्यात आहे की नाही, हे विचारा. ठेकेदाराकडे असाल तर अवश्य विचारा. शेतमजुरास व गावच्या कारागिरास मात्र हा आधार नाही. त्यांच्यासाठी सुगीच्या दिवसांत घरटी थोडे धान्य, थोडा पैसा काढून गावचा निधी उभारा, आणि त्याचा हिशेब चावडीवर सर्वांदेखत वाचा.