अंतराळातील झोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण झोप ही शास्त्रज्ञांइतकीच गृहिणीच्याही जिव्हाळ्याची गोष्ट आहे.

अंतराळात प्रथम झोपला तो रशियाचा गेर्मान तितोव, ऑगस्ट १९६१ मध्ये. तेथे वजन जाणवत नाही, त्यामुळे त्याचे हात आपोआप वर तरंगू लागले. ते त्याने पट्ट्याखाली अडकवले आणि असा गाढ झोपला की, ठरल्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा उठला!

आजच्या अंतराळ स्थानकात खाट नाही, गादी नाही. भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून झोपायचे. उभे काय नि आडवे काय, सारखेच. मात्र हवा खेळती ठेवावी लागते. नाहीतर उच्छ्वासाची हवा तोंडाभोवतीच साचते. गरम हवा वर जाते, हा आपल्या चुलीजवळचा नियम तेथे चालत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. स्थानक सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीला फेरी घालते, म्हणजे २४ तासांत १६ वेळा सूर्य उगवतो! आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते रोज लागते. १६ पहाटांनी ते बिचारे गोंधळणारच. तेथे झोपेला साडेआठ तास राखलेले असतात. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत झोप सरासरी सहाच तासांची आढळली, आणि चारांतल्या तिघांनी झोपेचे औषध घेतलेले. म्हणून आता तेथील दिवे कामाच्या वेळी निळसर, तर निजण्याआधी तांबूस करता येतात.

भगिनींनो, आमच्या आळीतली एक सून रुग्णालयात रात्रपाळी करते. ती घरी येते तेव्हा ऊन वर आलेले असते. अंतराळात न जाताच तिच्या घड्याळाचे तेच हाल होतात. त्यात दुपारी आपल्या भजनाचा कर्णा, आणि वर "सून दिवसा लोळते" ही बोलणी!

अंतराळवीरांच्या झोपेसाठी दिवे बदलतात. आपण एक जाड पडदा लावू शकत नाही का? दुपारी कर्णा बंद ठेवावा, असा ठराव मी आज मांडते. आपण सर्वजणी तो संमत कराल, अशी आशा आहे.